‘स्पेस नीट दे, चालेल’ असं सांगणाऱ्यांना

सर्व्हरची मांडणी ठरवणाऱ्या फाइलींबद्दल आपल्याकडे एक मत घट्ट बसलेलं आहे. अ‍ॅन्सिबलचं प्लेबुक असो, पपेटची मॅनिफेस्ट असो की यॅमलमध्ये लिहिलेली कुठली फाइल, पॅरामीटर देताना सिंटॅक्स एरर आला की दोष लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा. स्पेस चुकली असेल, कोलन राहिला असेल, कोट्स विसरले असतील; त्यात शिकवण्यासारखं काय आहे? स्पेस नीट दे, कोट्स टाक, पुन्हा चालव. हे मत मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या प्रयोगशाळांत ऐकलं आहे आणि पुण्यात मुलाखती घेणाऱ्यांकडूनही ऐकलं आहे. त्याला चिकटून आणखी दोन मतं येतात. एक असं की गावाकडच्या मुलांचं इंग्रजी कच्चं, म्हणून त्यांचा सिंटॅक्स चुकतो. दुसरं अलीकडचं: आता या गोष्टी एआय दुरुस्त करून देतं, तेव्हा यावर तास खर्च करू नका.

ही तिन्ही मतं चुकीची आहेत, आणि त्यांनी शिकणाऱ्यांचं आणि चालू यंत्रणांचं नुकसान होतं आहे. म्हणून हे उत्तर.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो. काही चुका निव्वळ हाताच्या असतात. इंडेंटेशनसाठी टॅब चालत नाही, यॅमल तो नाकारतं. एडिटरला टॅबऐवजी दोन स्पेस द्यायला एकदा सांगितलं की विषय मिटला. कोलननंतर स्पेस हवी. व्हॉट्सअ‍ॅपवरून किंवा वर्डमधून कमांड उचलली की कधी सरळ कोट्स वाकडे होतात, दोन जोडरेषांची मिळून एक लांब रेघ होते, आणि कमांड ओळखूच येत नाही. या चुका यंत्र लगेच अडवतं. यांच्यासाठी कुणी लेख लिहू नये.

पण पॅरामीटरच्या चुका इथे संपत नाहीत. खरी घातक चूक एरर देतच नाही. आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घेऊ.

एखाद्या पतसंस्थेच्या शाखांची यादी यॅमलमध्ये लिहायची आहे. प्रत्येक शाखेपुढे गाव आणि एसटीडी कोड. नगरचा (म्हणजे अहिल्यानगर शहराचा) ०२४१, श्रीरामपूरचा ०२४२२, संगमनेरचा ०२४२५, राहुरीचा ०२४२६, पाथर्डीचा ०२४२८, पारनेरचा ०२४८८. कोट्स न लावता हे आकडे तसेच लिहा. फाइल नीट वाचली जाते, अ‍ॅन्सिबलची सिंटॅक्स तपासणी निर्धास्त पास होते. आत मात्र नगरचा कोड १६१ झालेला असतो. संगमनेरचा १३०१ होतो, राहुरीचा १३०२, श्रीरामपूरचा १२९८. पाथर्डी आणि पारनेरचे कोड मात्र जसेच्या तसे राहतात.

असं का होतं ते समजून घेतलं तर पुढचा सगळा वाद सोपा होतो. अ‍ॅन्सिबल ज्या वाचकावर अवलंबून आहे तो, पायवायएएमएल, यॅमलच्या १.१ या आवृत्तीचे नियम पाळतो. त्या नियमांत शून्याने सुरू होणारा आणि फक्त ० ते ७ हेच अंक असलेला आकडा अष्टमान पद्धतीचा धरला जातो. ०२४१ म्हणजे दोन चौसष्ट, चार आठ आणि एक: १२८ अधिक ३२ अधिक १, म्हणजे १६१. पाथर्डी आणि पारनेरच्या कोडमध्ये ८ आहे, अष्टमानात ८ हा अंकच नाही, म्हणून वाचक ते आकडे समजत नाही आणि साधी अक्षरं म्हणून सोडून देतो. २००९ साली आलेल्या १.२ आवृत्तीने हा नियम बदलला. तिच्या काटेकोर वाचनाप्रमाणे तोच ०२४१ हा २४१ होतो. म्हणजे एकाच ओळीचे, वाचणारा कोण यावर, दोन वेगळे अर्थ, आणि दोन्ही चुकीचे. लिहिणाऱ्याची स्पेस बरोबर आहे, कोलन बरोबर आहे, इंडेंटेशन बरोबर आहे. ‘स्पेस नीट दे’ हा सल्ला इथे कुणाच्या काय उपयोगाचा?

वेळेचंही असंच. शेतीपंपाच्या किंवा बॅकअपच्या वेळापत्रकात सुरुवातीची वेळ २२:३० आणि शेवट ०६:३० असा कोट्सविना लिहिला, तर १.१ च्या नियमाने पहिली वेळ साठमान पद्धतीने वाचली जाते आणि १३५० हा आकडा तयार होतो. दुसरी शून्याने सुरू होते म्हणून अक्षरंच राहते. एका ओळीत आकडा, खालच्या ओळीत मजकूर. या दोघांची तुलना करणारा पुढचा प्रोग्राम अडखळला तर एरर त्या प्रोग्रामच्या नावावर येतो आणि शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: मग कोट्स टाका ना सगळीकडे! कोट्स टाकणं एसटीडी कोडसाठी योग्यच आहे. पण ‘टाका’ एवढंच सांगून भागत नाही, कारण हा नियम खोडी म्हणून आलेला नाही. युनिक्समध्ये फाइलच्या परवानग्या अष्टमानातच लिहितात. ०६४४ म्हणजे मालकाने वाचावं-लिहावं, बाकीच्यांनी फक्त वाचावं. कोट्सविना ०६४४ लिहिलं तर ते अष्टमान धरलं जातं आणि परवानगी बरोबर लागते. एखाद्याने पुढचं शून्य फालतू समजून काढलं आणि नुसतं ६४४ लिहिलं, तर तो दशमान आकडा होतो. त्याचा अष्टमान अवतार १२०४. म्हणजे मालकाला स्वतःची फाइल वाचता येत नाही, फक्त लिहिता येते, आणि बाहेरच्या कुणालाही ती वाचता येते. पासवर्ड असलेल्या फाइलवर ही परवानगी लागली तर काय होईल ते सांगायला नको. तिथेही सिंटॅक्स एरर नाही. ज्या शून्याने नगरचा कोड बिघडवला, तेच शून्य इथे नसल्यामुळे कुलूप उघडं राहिलं. हे समजावून न सांगता ‘कोट्स टाक’ म्हटलं की विद्यार्थी पाठांतर करतो, आणि पाठांतर पहिल्या अनोळखी आकड्यापाशी संपतं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. पॅरामीटरची चूक ही टंकलेखनाची चूक क्वचितच असते. ती हद्दीवरची चूक असते. एक मूल्य माणसाच्या हातून निघून शेलमधून, मग अ‍ॅन्सिबलच्या स्वतःच्या वाचनातून, मग यॅमलमधून, मग जिंजाच्या साच्यातून, मग मोड्यूलमधून जातं, आणि प्रत्येक हद्दीवर त्याचं नव्याने वाचन होतं. कुठे स्पेसने तुकडे पडतात, कुठे कंसाला वेगळा अर्थ असतो, कुठे उलटी तिरपी रेघ गिळली जाते. कोणत्या हद्दीवर काय झालं हे ज्याला सांगता येत नाही त्याने चूक ‘दुरुस्त’ केलेली नसते, फक्त एरर घालवलेला असतो.

हिवरे बाजारचं नाव कमांडवरून पॅरामीटर म्हणून पाठवून बघा. कमांडमध्ये आधी एक्स्ट्रा-व्हार्सचा पर्याय, त्यापुढे गाव बरोबर हिवरे बाजार, आणि शेवटी प्लेबुकचं नाव. कोट्स अजिबात नाहीत. शेल स्पेसवर तुकडे करतं. ‘हिवरे’ पॅरामीटरला जातं आणि अ‍ॅन्सिबल ‘बाजार’ नावाचं प्लेबुक शोधू लागतं. ते सापडत नाही, एरर येतो. विद्यार्थी शहाणपणाने पूर्ण जोडीला कोट्स लावतो. आता शेल समाधानी आहे, एरर गेला. ‘चाललं!’ पण आत अ‍ॅन्सिबल तीच ओळ स्वतःच्या नियमाने पुन्हा फोडतं, तेही स्पेसवर, आणि गावाचं मूल्य उरतं फक्त ‘हिवरे’. ‘बाजार’ कुठे गेलं हे कुणी सांगत नाही. बाहेरच्या कोट्सच्या आत, मूल्याभोवती, आणखी एक कोट्सची जोडी लावली की दोन्ही हद्दी ओलांडून नाव अख्खं पोचतं. राळेगण सिद्धीचंही हेच होईल. पहिला एरर घालवणं हे इथे अर्धं कामसुद्धा नव्हतं. उलट एरर गेल्यामुळे चूक दिसेनाशी झाली.

खरं-खोटं सांगणारी मूल्यं याहून वाईट. कमांडवरून ‘बॅकअप बरोबर फॉल्स’ असं साध्या जोडीच्या रूपात दिलं की ते मूल्य मजकूर म्हणून पोचतं, पाच इंग्रजी अक्षरांचा मजकूर. जिंजाच्या साच्यात ‘बॅकअप असेल तर’ असं विचारलं की रिकामा नसलेला मजकूर म्हणजे हो. नको म्हणून सांगितलेली गोष्ट घडते. मूल्य जेसनच्या रूपात दिलं, किंवा वापरताना बूल फिल्टर लावला, तर नकार नकारच राहतो. अ‍ॅन्सिबल कोअरच्या २०२५ मधल्या २.१९ आवृत्तीने अटींच्या बाबतीत बरीच कडक भूमिका घेतली, खऱ्या बूलियनऐवजी काहीही अटीत चालवून घेणं बंद केलं. बनवणाऱ्यांनाच हा बदल करावासा वाटला, यातच ‘वापरणाऱ्याने नीट बघावं’ या मताचं उत्तर आहे.

आणि ‘एरर वाचा, यंत्र ओळ सांगतं’ हा युक्तिवाद? यंत्र ओळ आणि रकाना सांगतं हे खरं. पण अ‍ॅन्सिबलच्या जुन्या आवृत्त्यांच्या संदेशातच लिहिलेलं असायचं की चूक या ठिकाणी दिसते आहे, पण ती फाइलमध्ये दुसरीकडेही असू शकते. दोन महिरपी कंसांनी सुरू होणारं मूल्य कोट्सविना लिहिलं की यॅमलला तो शब्दकोशाचा आरंभ वाटतो, आणि तक्रार येते ती त्याला जिथे शेवट सापडत नाही तिथली. एका ओळीत बरोबर-चिन्हाची जुनी पद्धत आणि तिच्याखाली कोलनची नवी पद्धत अशी सरमिसळ झाली तर तक्रार सहसा खालच्या ओळीवर येते, जी एकटी बघितली तर निर्दोष असते. यंत्र जिथे अडखळलं ती जागा सांगतं. तुम्ही जिथे चुकलात ती जागा शोधणं हे कौशल्य आहे, आणि कौशल्य शिकवावं लागतं.

आता निष्काळजीपणाच्या आरोपाकडे येतो. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या एस३ या साठवणसेवेत एक अधिकृत कर्मचारी ठरलेल्या पद्धतीने, लिहून ठेवलेल्या प्लेबुकप्रमाणे, काही मोजके सर्व्हर बाजूला काढत होता. कमांडचं एक इनपुट चुकलं. मोजक्याऐवजी कितीतरी जास्त सर्व्हर निघाले आणि त्यावर उभी असलेली असंख्य संकेतस्थळं काही तास आडवी झाली. जगातल्या सर्वांत अनुभवी चमूंपैकी एक, आणि चूक पॅरामीटरची. त्यानंतर कंपनीने जाहीरपणे जे सांगितलं ते आपल्याकडच्या प्रत्येक विभागप्रमुखाने वाचावं: त्यांनी ते साधनच बदललं. सर्व्हर हळूहळू काढले जातील असं केलं, आणि किमान लागणाऱ्या क्षमतेच्या खाली जाणारी मागणी साधनाने नाकारावी असा बंदोबस्त केला. ‘यापुढे काळजी घ्यावी’ असं पत्रक काढून त्यांचं भागलं असतं का? निष्काळजीपणा हे चुकीमागचं कारण म्हणून वापरलं की चौकशी तिथेच थांबते. म्हणून मला तो शब्द या संदर्भात नको आहे.

इंग्रजीचा मुद्दा मला जास्त टोचतो. १९८३ साली विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी लोणी, संगमनेर, कोपरगाव इथे कॉलेजं उभी राहिली. साखर कारखान्यांच्या आणि सहकाराच्या या पट्ट्यातून तेव्हापासून मुलं पुण्यात, बंगळुरात, परदेशात जाऊन यंत्रणा चालवत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याला मुलाखतीत प्लेबुकमध्ये एरर आला की ‘मराठी माध्यम ना?’ असा प्रश्न येतो. या प्रश्नाला आधार काय? प्लेबुकमध्ये लागणारे इंग्रजी शब्द इतके थोडे आहेत की ते आठवड्यात पाठ होतात. ०२४१ चे १६१ होणं इंग्रजी बोलता येण्याने टळत नाही. नॉर्वेचा दोन अक्षरी देशसंकेत कोट्सविना लिहिला की यॅमल १.१ त्याला ‘नाही’ समजतं आणि देशाच्या जागी फॉल्स येतो. ही अडचण जगभर त्या देशाच्या नावाने ओळखली जाते, आणि तिच्यात पडलेले लोक उत्तम इंग्रजी बोलत होते.

उलट मी असं म्हणेन की पॅरामीटर पोचवण्याची शिस्त या जिल्ह्याला नवी नाही. नागापूरच्या आणि सुप्याच्या एमआयडीसीत सीएनसी चालवणारे कामगार ती रोज पाळतात. फॅनकच्या बऱ्याच कंट्रोलवर, सेटिंग तसं असेल तर, एक्सपुढे दशांशचिन्ह न देता १० लिहिलं की ते १० मिलिमीटर नसतं, १० मायक्रॉन असतं. एक टिंब राहिलं तर हजारपटीचा फरक. जी ६५ने मॅक्रो बोलावताना ए, बी, सी पुढची मूल्यं #१, #२, #३ या चलांत जातात, पण डी पुढचं मूल्य #४ मध्ये न जाता #७ मध्ये जातं, कारण ४, ५, ६ हे आय, जे, के साठी राखलेले असतात. ओळीने जाईल असं गृहीत धरणाऱ्याचा टूल भलतीकडे जातो. अशा चुकीत मशीन एरर देत नाही, धडकतं. म्हणून शॉपफ्लोअरवर काय करतात? अक्षर आणि चल यांचा तक्ता हाताशी ठेवतात. नवा प्रोग्राम आधी जॉबपासून दूर हवेत चालवून बघतात. सिंगल ब्लॉकवर एकेक ओळ पुढे सरकवतात. पहिला पीस मोजल्याशिवाय दुसरा लावत नाहीत. आयटीआय झालेला, मराठीत विचार करणारा ऑपरेटर हे करतो. तीच शिस्त सर्व्हरच्या फाइलींना लावायला इंग्रजी आडवं येतं म्हणणाऱ्यांनी एकदा एमआयडीसीतल्या एखाद्या शॉपमध्ये पाळीभर उभं राहावं.

अ‍ॅन्सिबललाही हवेत चालवण्याची सोय आहे, चेक आणि डिफ हे पर्याय एकत्र दिले की काय बदललं असतं ते ते दाखवतं. तिची मर्यादाही शिकवायला हवी: शेल आणि कमांड ही मोड्यूलं चेकमध्ये सहसा नुसतीच वगळली जातात, त्यामुळे ज्यांच्या आत पॅरामीटर सर्वांत जास्त फुटतात तीच कामं न तपासता राहतात. यॅमललिंटमध्ये शून्याने सुरू होणारे अष्टमान आकडे अडवणारा नियम आहे, पण तो आपणहून चालू नसतो, चालू करावा लागतो. असे तपशील माहीत असणं म्हणजेच हे काम येणं.

एआयबद्दल थोडक्यात. एरर चिकटवला की ते बहुतेक वेळा चालणारी फाइल परत देतं, हे मी नाकारत नाही. पण ०२४१ हा टेलिफोनचा कोड आहे की फाइलची परवानगी, हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं. ते नगरच्या माणसाला माहीत असतं. मूल्याचा अर्थ ज्याच्याकडे आहे त्यानेच ते कोणत्या रूपात पोचायला हवं हे ठरवायचं असतं. शिवाय जी चूक एररच देत नाही ती चिकटवणार काय? आणि घाईत अख्खी फाइल, आतल्या पासवर्डसकट, परक्या सेवेत चिकटवली जाते, हा धोका वेगळाच. पासवर्ड अ‍ॅन्सिबल व्हॉल्टमध्ये बंद करायला शिकवल्याशिवाय ‘एआयला विचार’ म्हणणं बेजबाबदारपणाचं आहे.

आपल्या भाषेतून येणारे प्रश्न तर कुठल्याच परदेशी पुस्तकात मिळत नाहीत, आणि त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी शिकवत नाही याचं मला वाईट वाटतं. या लेखात आकडे देवनागरीत छापले आहेत. तसेच ते फाइलमध्ये गेले तर? यॅमलचा वाचक देवनागरी ०२४१ ला आकडा मानत नाही, मजकूर मानतो. पुढे पायथनमध्ये त्याच मजकुराचा पूर्णांक करा म्हटलं तर पायथन तो निमूट २४१ करून देतो. एक हद्द ओळखत नाही, पुढची ओळखते. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकात खाली टिंब असलेल्या र चं चिन्ह आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे. तुलनेत दोन्ही वेगळे. एका कीबोर्डवरून पॅरामीटर आलं आणि दुसऱ्यावरून यादी बनली, तर माणसाला जुळणारं नाव यंत्राला जुळत नाही, आणि शंभरदा स्पेस तपासून काही हाती लागत नाही.

नावांचं आणखी सांगतो. कर्जत तालुका आपल्या जिल्ह्यात आहे आणि रायगडातही आहे. अकोले आपलं, अकोला विदर्भातलं. नेवासा की नेवासे, राहाता की राहता, हे वाद कागदोपत्री आजही चालू आहेत. आणि २०२४ साली तर अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांनी जिल्ह्याचं नाव फाइलीफाइलींत थेट लिहून ठेवलं होतं त्यांना प्रत्येक फाइल उघडून ते बदलावं लागतं, आणि एखादी राहिली की दोन जिल्हे तयार होतात. ज्यांनी नाव एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं आणि ओळख म्हणून संकेतांक वापरला त्यांचं काम एका ओळीत होतं. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा क्रमांक ५२२ होता आणि इंग्रजी नावाचं स्पेलिंग आपल्या रोजच्या वापरातल्याहून एका अक्षराने वेगळं होतं. नाव बदलतं, त्याचं स्पेलिंग बदलतं. क्रमांकाला त्याचं काही नसतं. पॅरामीटर म्हणून काय पाठवायचं आणि काय नुसतं दाखवायचं, हा निर्णय सिंटॅक्सच्या आधीचा आहे. तो चुकला की सिंटॅक्स कितीही शुद्ध असला तरी फाइल चुकीचीच.

मग करायचं काय? मुळा धरणाच्या लाभक्षेत्रातला शेतकरी आवर्तनाचं पाणी मागताना नमुना नंबर ७ भरतो. गट नंबर, क्षेत्र, पीक, प्रत्येकाला वेगळा रकाना, आणि रकाना रिकामा असेल तर अर्ज टेबलावरच परत येतो. पाणी सुटल्यावर चारीच्या तोंडाशी वाद होत नाही. अ‍ॅन्सिबलच्या रोललाही, म्हणजे पुन्हा वापरता येणाऱ्या कामांच्या संचालाही, असा नमुना देता येतो. अ‍ॅन्सिबल कोअर २.११ पासून रोलच्या मेटा विभागात आर्ग्युमेंट स्पेक्स लिहिता येतात: कोणतं पॅरामीटर सक्तीचं, कोणतं मजकूर, कोणतं पूर्णांक, कोणतं बूलियन, आणि कोणत्या ठरावीक मूल्यांपैकीच एक चालेल. रोलचं काम सुरू होण्याआधी ही तपासणी होते. तिलाही एक भगदाड आहे: नाव चुकवून पाठवलेलं जादा पॅरामीटर ती अडवत नाही. पोर्टऐवजी दोन अक्षरं उलटसुलट करून प्रॉट लिहिलं, आणि आत पोर्टला डीफॉल्ट मूल्य दिलेलं असेल, तर तुमचं मूल्य हवेत जातं आणि डीफॉल्ट गुपचूप लागतं. त्यामुळे जे चुकलं तर नुकसान होईल त्याला डीफॉल्ट देऊ नये, ते सक्तीचं करावं. सोय म्हणून दिलेली डीफॉल्ट मूल्यं मी पाहिलेल्या बिघाडांच्या मुळाशी फार वेळा होती. अ‍ॅन्सिबलच्या दस्तऐवजात व्हेरिएबलच्या प्राधान्याच्या २२ पायऱ्या दिलेल्या आहेत, कमांडवरचं एक्स्ट्रा-व्हार्सचं मूल्य सगळ्यांवर मात करतं. एकच नाव चार पायऱ्यांवर ठेवणाऱ्या फाइलीत कोणतं मूल्य जिंकलं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. नावापुढे रोलचं नाव उपसर्ग म्हणून लावायची साधी सवय हा गोंधळ बराच कमी करते.

‘एवढं सगळं पदवीच्या मुलांना कशाला?’ असंही विचारलं जातं. पण हीच मुलं उद्या जिल्हा बँकेचे, दूध संघाचे, कारखान्याचे सर्व्हर सांभाळणार आहेत. ऊसबिल चुकीच्या खात्यात गेलं तर त्या शेतकऱ्याला यॅमलची आवृत्ती सांगून चालणार नाही.

सध्या प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत प्लेबुक चाललं, शेवटी हिरव्या ओळी आल्या, की पूर्ण गुण पडतात. ही पद्धत बदलावी अशी माझी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला आणि या जिल्ह्यातल्या प्रत्येक प्राध्यापकाला मागणी आहे. परीक्षकाने विद्यार्थ्याची फाइल घेऊन तिला मुद्दाम वाईट मूल्यं द्यावीत: स्पेस असलेलं गावाचं नाव, शून्याने सुरू होणारा आकडा, मजकुरातला फॉल्स, गहाळ पॅरामीटर, देवनागरी अंक. जी फाइल कामाला हात लावण्याआधी थांबते आणि कोणत्या पॅरामीटरमध्ये काय चुकलं हे मराठीत असो वा इंग्रजीत, स्पष्ट सांगते, तिला निम्मे गुण द्यावेत. उरलेले निम्मे तोंडी परीक्षेत, मूल्य कोणत्या हद्दीवर बदललं हे विद्यार्थ्याने फळ्यावर दाखवल्यानंतर.